साभार परत

(जुबिलीनिमित्त केदारखेडा येथें भरलेल्या तरुण मंडळींच्या मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



जुबिलीच्या या मंगल दिवसांत आपण देवाच्या उपकारांची मोजदाद करीत आहों. देवळाच्या भिंती कोणीं रचिल्या, पहिल्यानें घंटा कोणीं वाजविली, दुष्काळाच्या सालीं कोणीं कोणास अर्धी भाकर दिली, या गोष्टी गेले कांहीं दिवस घरोघर निघत आहेत. आणि वृद्ध मंडळींच्या मुखांतून त्या ऐकतांना तरुणांचे डोळे कसे विस्फारतात तें मीं पाहिलें आहे. मला आज दिलेला विषय मात्र देवळाचा नव्हे, वहीचा आहे. आपल्या धर्मग्रामांत लिहिणारीं माणसें आहेत. कोणी कविता करितो, कोणी गोष्टी लिहितो, एकानें आपल्या आजोबांच्या तोंडच्या हकीगती टिपून ठेविल्या आहेत. हीं माणसें आपलें लिखाण उशाखालीं ठेवितात व कोणी विचारिलें तर लाजतात. त्यांच्यासाठीं चार शब्द बोलावे अशी मंडळाची इच्छा आहे, व ती मला मनापासून आवडली.

मासिकांच्या कचेरींतून पूर्वीं एक लहानसा कागद येत असे. त्यावर दोन शब्द असत : "साभार परत". आभार मानून परत करीत आहों, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु ज्यानें रात्रीं जागून तीं पानें लिहिलीं त्याला त्यांतील आभार कधींच दिसत नाहींत, परत तेवढें दिसतें. माझाहि एक लेख तरुणपणीं असाच परत आला होता, आणि तो लिफाफा मीं दोन दिवस कोणास दाखविला नाहीं. आतां तर तो कागदहि येईनासा झाला आहे. पोस्टानें पाठवा किंवा संगणकावरून पाठवा, पलीकडून शब्द नाहीं. नकार निदान ऐकूं येतो. मौनाचें काय करावें हें माणसाला समजत नाहीं.

आपल्यांतील एका भगिनीनें मध्यंतरीं मला प्रश्न केला. नांव सांगत नाहीं. दिवसभर कापूस वेंचून ती आली होती, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. तिनें तीन ठिकाणीं कविता पाठविल्या होत्या व तिन्हीकडून कांहीं कळलें नव्हतें. त्या वर्षीं पीकहि बुडालें होतें. ती म्हणाली, "फादर, ज्याचें कोणी छापीत नाहीं त्यानें लिहावें कशाला? त्या वह्या चुलींत घातल्या तर निदान दूध तरी तापेल." मीं तेव्हां तिला जें उत्तर दिलें तें अर्धवट होतें, कारण बाहेर माणसें थांबलीं होतीं. आज सविस्तर बोलण्याची संधि आहे.

पहिली गोष्ट अशी कीं तिच्या प्रश्नांत दोन निरनिराळीं दुःखें एकत्र झालीं होतीं. दिवस कठीण होते हें एक. लिखाण स्वीकारलें जात नव्हतें हें दुसरें. मराठवाड्यांत राहणाऱ्याला कठीण दिवसांची ओळख करून देण्याची गरज नाहीं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला ते अजून आपल्यांत बसले आहेत. २०१२ व १३ सालीं जालन्यांत पाणी कसें मिळत होतें तें तुम्हां तरुणांनाहि आठवतें. आपली पूर्णामाय कधीं नुसती वाळू होऊन पडते, कधीं शेत खरडून नेते. अशा वेळीं मनुष्य थकलेला असतो, आणि थकलेल्या मनाला सर्व दुःखें एकाच दाराशीं बांधण्याची खोड असते. पीक गेलें, कविता परत आली, म्हणजे मीच कांहीं कामाचा नाहीं, असा तो निकाल देऊन मोकळा होतो. परंतु पावसानें दगा दिला त्याचा कवितेच्या गुणावगुणाशीं काय संबंध? आणि संपादकानें कविता घेतली नाहीं म्हणून तुमच्या हातचें पेरणें वाईट ठरतें काय? दुःखें वेगवेगळीं मोजावींत. त्यानें तीं कमी होत नाहींत. मात्र उचलतां येतात.

आतां लिखाणाच्या दुःखाकडे वळतों. येथें मी उपदेश करण्यापेक्षां आपल्याच घरांतील एक जुनी हकीगत सांगणें बरें.

फादर थॉमस स्टीफन्स हें नांव आपण सर्व जाणतां. जन्मानें ते इंग्रज. १५७९ च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले व पुढें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत, याच भूमींत राहिले. साष्टी प्रांतांतील लोकांमध्यें वावरतां वावरतां त्यांनीं येथील भाषा अशा आत्मसात् केल्या कीं त्यांच्या हातून मराठी ओवींत "ख्रिस्तपुराण" उतरलें. त्याच्या ओव्या जवळजवळ अकरा हजार आहेत. हें सर्व शाळेंत शिकवितात. शाळेंत जें शिकवीत नाहींत तें त्यांचें एक पत्र आहे.

१६०८ सालच्या डिसेंबरांत त्यांनीं रोम येथें आपल्या येशूसंघाच्या मुख्य वरिष्ठांस पत्र लिहिलें. त्यांत ते कळवितात कीं या देशाच्या भाषेंत व या देशाच्याच लिपींत पुस्तकें छापलेलीं पाहावींत अशी आपली कित्येक वर्षांची तळमळ आहे. मलबाराकडे तसें झालें आहे व तेथील ख्रिस्ती लोकांचा त्यांत मोठा लाभ झाला आहे. हें खरें होतें. कोल्लम येथें १५७८ सालींच तमिळ लिपींत पुस्तक छापलें गेलें होतें. मग गोव्यांत अडचण कोणती? खिळ्यांची. युरोपांतील लिपीला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात. आपल्या लिपींत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें धरून सहाशेंच्या घरांत साचे पाडावे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. ज्यानें कधीं छापखान्यांत उभें राहून जुळाऱ्याचें काम पाहिलें असेल त्याला त्या सहाशें खणांचें ओझें कळेल.

एकुणतीस वर्षें त्या देशांत काढलेला, साठीच्या उंबरठ्यावर आलेला हा मनुष्य परवानगी मागत आहे. पुस्तक आपल्या नांवानें निघावें म्हणून नव्हे, तर ज्या लोकांसाठीं तें लिहिलें त्यांना तें त्यांच्या अक्षरांत वाचतां यावें म्हणून. मी त्या पत्राचा विचार करितों तेव्हां मला तें अगदीं आजचें वाटतें. प्रत्येक लेखकाच्या आयुष्यांत एक पत्र असें असतें, आणि त्याचें उत्तर बहुधा मनासारखें येत नाहीं.

स्टीफन्स यांना नागरी खिळे मिळाले नाहींत. १६१६ सालीं रायतूर येथें त्यांचें पुराण छापून निघालें तें रोमन अक्षरांत! मराठी ओवी, पण वेश परका. त्यांच्या जागीं दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, माझ्या मनासारखें होत नसेल तर छापूंच नका. त्यांनीं तसा हट्ट धरिला नाहीं. जें मिळतें त्यांत काम केलें. पुढें तीन वर्षांनीं ते वारले. त्यांचें प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचें पुस्तक १६२२ सालीं निघालें, आणि त्यांनीं लिहिलेलें कोंकणी भाषेचें व्याकरण तर १६४० सालीं, म्हणजे लेखक मातीआड होऊन एकवीस वर्षें झाल्यावर. आपल्या देशांतील भाषांच्या छापील व्याकरणांत तें अगदीं आरंभींचें गणलें जातें. लेखकानें तें छापलेलें पाहिलेंच नाहीं.

यापुढची कथा अधिक विलक्षण आहे. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. मग काळ फिरला. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारानें तेथील लोकभाषेविरुद्ध फर्मान काढिलें. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकहि छापील प्रत आज कोठें असल्याचें ठाऊक नाहीं. जें छापलें होतें तें सारें गेलें. जें हातानें उतरून घेतलें होतें तें राहिलें! गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तें पुराण आपल्या गांठोड्यांत नेलें, नकलून घेतलें, घरांत बसून गाइलें. अशा हस्तलिखित प्रतींवरूनच मंगळूरचे जोसेफ सल्डान्हा यांनीं १९०७ सालीं तें पुन्हां छापिलें. आणि नागरी लिपींतील एक हस्तलिखित तर दूर लंडनच्या एका ग्रंथालयांत सांपडलें. ज्या अक्षरांसाठीं स्टीफन्स यांनीं रोमला विनंती केली होती तींच अक्षरें कोणा अज्ञात नकलकारानें आपल्या बोरूनें उमटवून ठेविलीं होतीं. पुढें १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून संपूर्ण ग्रंथ नागरींत प्रसिद्ध केला. १६०८ ते १९५६ : तीनशें अठ्ठेचाळीस वर्षें लागलीं. मराठीसाठीं नागरी खिळे पाडण्याचें कामच मुळीं १८०५ च्या सुमारास, बंगालांतील श्रीरामपुरास, विल्यम केरी यांच्या छापखान्यांत सिद्धीस गेलें.

मी हें आंकडे तुम्हांला घाबरविण्यासाठीं सांगत नाहीं. साडेतीनशें वर्षें थांबा असें कोणत्याहि तरुण कवीला सांगणें म्हणजे क्रूर थट्टा होईल. मला दाखवावयाचें आहे तें एवढेंच कीं प्रकाशन म्हणजे एका संपादकाचा होकार, ही समजूत फार अपुरी आहे. पुस्तक जगविलें तें छापखान्यानें नव्हे, तर ज्यांना तें हवेंसें वाटलें अशा गांठोडेवाल्या माणसांनीं. त्या नकलकारांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. त्यांनीं कोणाच्या होकाराची वाट पाहिली नव्हती.

येथें मला आपल्याच जिल्ह्यांतील एका थोर लेखकाची आठवण होते. ज्या वर्षीं स्टीफन्स खिळ्यांसाठीं पत्र लिहीत होते त्याच १६०८ सालीं आपल्या जालना जिल्ह्यांतील जांब गांवीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांचा धर्म व आपला धर्म निराळा आहे, परंतु भाषा एकच आहे, आणि लिहिणाऱ्यानें गुरु शोधतांना कुंपणें पाहूं नयेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसें असावें, ओळी कशा सरळ याव्या, शाई कशी असावी, हें एवढ्या विरक्त पुरुषानें बारकाईनें सांगितलें आहे. त्यांतील दोन सूचना मला फार मार्मिक वाटतात. एक अशी कीं तरुणपणीं डोळे चांगले आहेत म्हणून फार बारीक अक्षर काढूं नये. म्हातारपणीं तें उपयोगी पडत नाहीं. दुसरी अशी कीं पानाच्या चहूंकडे जागा सोडून मध्यें लिहावें, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाहीं. कडा झडणार हें त्यांनीं गृहीतच धरिलें आहे! पान कायम राहील या भरंवशावर त्यांनीं लिहावयास सांगितलें नाहीं. झडणाऱ्या पानावर अक्षर कसें टिकवावें तें सांगितलें. आशा या शब्दाचा इतका व्यावहारिक अर्थ मीं सेमिनरींत वाचलेल्या पुष्कळ जाड ग्रंथांतहि पाहिला नाहीं.

पण कोणी म्हणेल, हे थोर पुरुष झाले. एक विद्वान् धर्मगुरु, एक संत. आमच्या घरांत तर पाटी-पेन्सिलीला पैसा नव्हता. ठीक आहे. मग लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा.

टिळक कुटुंब आपल्या कॅथलिक पंथांतलें नव्हे, हें प्रथमच सांगून टाकतों, नाहींतर सभा संपल्यावर आपले कांहीं वडील मला बाजूला घेतील. परंतु मराठी ख्रिस्ती घरांत ज्या पुस्तकाचा अभिमान वाटावा असें पुस्तक या बाईंनीं लिहिलें. त्यांचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं झाला. शाळेची पायरी त्या चढल्या नाहींत. बाळपणींच लग्न झालें, आणि अक्षरओळख झाली ती त्यानंतर, पतीच्या हातून. पति कवि नारायण वामन टिळक. ते १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीन सरकली. लहान मूल कडेवर, माहेर-सासरचे लोक संतापलेले, आणि नवरा दुसऱ्या वाटेनें गेलेला. सुमारें पांच वर्षें त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें त्या परत आल्या व १९०० सालीं स्वतः ख्रिस्ती झाल्या. १९१९ सालीं टिळक वारले. "ख्रिस्तायन" नांवाचें मोठें काव्य त्यांनीं आरंभिलें होतें; त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते.

अशा वेळीं घरांत पडलेल्या अपुऱ्या वहीचें काय होतें तें आपण जाणतों. कोणी ती जपून ठेवितो, कोणी माळ्यावर टाकितो. लक्ष्मीबाईंनीं ती उघडली आणि पुढें लिहावयास घेतलें. शाळा न पाहिलेल्या त्या विधवेनें चौसष्ट अध्याय रचिले. तेंहि पुरें झालें नाहीं. १९३६ च्या फेब्रुवारींत त्यांनीं डोळे मिटले आणि शेवटचा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त यांनीं लिहिला. १९३८ सालीं काव्य प्रसिद्ध झालें. एक ग्रंथ, तीन हात, आणि पहिल्या दोघांपैकीं कोणासहि तो बांधलेला पाहावयास मिळाला नाहीं.

परंतु त्यांचें खरें अमर पुस्तक दुसरें. वडिलांचें चरित्र लिहावें म्हणून देवदत्तांनीं आईला आठवणी लिहून देण्यास सांगितलें, आणि त्या आठवणींतून "स्मृतिचित्रें" तयार झालीं. पुस्तक लिहावयाचें म्हणून त्या बसल्या नव्हत्या. मुलाला साहित्य पुरवावयास बसल्या होत्या. तें लिखाण आधीं "संजीवनी" या नियतकालिकांत थोडें थोडें येऊं लागलें, आणि १९३४ ते १९३६ या अवधींत त्याचे चार भाग निघाले. पहिला भाग निघाला तेव्हां बाईंचें वय सहासष्ट वर्षांचें होतें. आज मराठींतील उत्तम आत्मचरित्रांचें नांव काढिलें कीं पहिल्या दोन-चारांत तें येतेंच. २०१७ सालीं शांता गोखले यांनीं त्याचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें.

या पुस्तकांत दुःख किती आहे! आणि तरी वाचणारा पानोपानीं हंसतो. मला त्याचें कारण असें दिसतें कीं त्या बाईंनीं आपल्या दुःखाला अलंकार घातले नाहींत. जें घडलें तें, ज्या शब्दांत स्वयंपाकघरांत बोलल्या असत्या त्याच शब्दांत सांगितलें. आपल्याकडील तरुण लेखकांच्या वह्या मीं पाहिल्या आहेत. प्रेमानें सांगतों, राग मानूं नका. पुष्कळांत शहरांतील कवितेचे उसने दागिने दिसतात. समुद्र दिसतो, जो लिहिणाऱ्यानें पाहिलेला नाहीं. आणि पूर्णेच्या पात्रांत झरा खणून घागरभर पाण्यासाठीं रात्रीं बसणें, कर्जाचा कागद वाचतां न येणारा बाप, ऊसतोडीला गेलेल्या घराचें कुलूप, हें मात्र वहींत नाहीं. कारण यांत लिहिण्यासारखें काय आहे असें त्याला वाटतें. संपादकाकडे समुद्रावरच्या कविता पुरेशा आहेत. झरा खणण्याची कविता त्याच्याकडे कोण पाठविणार, तुम्हीं नाहीं पाठविली तर?

आतां थोडें व्यवहाराचें बोलूं. आशा ही नुसती मनाची अवस्था ठेविली तर ती आठ दिवसांत वाळते. तिला कांहीं काम लावून द्यावें लागतें.

लिखाण पाठविण्याआधीं तें ज्या ठिकाणीं पाठवावयाचें तें मासिक स्वतः वाचावें. हें इतकें उघड आहे कीं कोणी करीत नाहीं! शेतीच्या पाक्षिकाकडे प्रेमकविता गेली तर परत येणारच, आणि त्यांत कवितेचा दोष नाहीं. एक प्रत नेहमीं आपल्याजवळ ठेवावी. कोठें, कोणत्या दिवशीं, काय पाठविलें याची एका वहींत नोंद ठेवावी. परत आलें कीं त्याच दिवशीं पुन्हां वाचूं नये, महिन्यानें वाचावें. महिन्यानें वाचतांना कधीं आपलेंच चुकलेलें आपणांस दिसतें, तर कधीं असें दिसतें कीं यांत चुकलेलें कांहीं नाहीं, आणि तें तसेंच दुसरीकडे धाडावें. दिवाळी अंकांची परंपरा आपल्या भाषेंत "मनोरंजन" मासिकानें १९०९ सालीं सुरू केली आणि ती आजतागाईत चालू आहे; इतक्या अंकांना इतकें लिखाण लागतें, त्यांत नव्या माणसाला कोठेंना कोठें जागा निघते. मात्र दिवाळीसाठीं लिखाण दिवाळींत पाठवूं नये, पावसाळ्याच्या तोंडीं पाठवावें. ज्वारी पेरण्याचा दिवस ठाऊक असलेल्या माणसाला एवढें सांगावें लागूं नये.

आणि एक इशारा. "तुमचें पुस्तक काढून देतों, इतके हजार भरा" असें म्हणणारीं माणसें आतां गांवोगांव पोहोंचलीं आहेत. आपल्या खर्चानें पुस्तक काढण्यांत लज्जा नाहीं. पुष्कळ चांगल्या मराठी कवींनीं तसें केलें आहे. परंतु त्यासाठीं कर्ज काढूं नये, बायकोचा डाग मोडूं नये, बियाण्याचा पैसा वळवूं नये. किती प्रती, कोणता कागद, उरलेल्या प्रती कोणाच्या ताब्यांत, लेखनाचा हक्क कोणाकडे, हें कागदावर लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊं नये. लिहून देण्यास जो कांकूं करितो त्याला नमस्कार करावा व घरीं यावें.

प्रसिद्धि ही पुण्या-मुंबईसच होते हीहि समजूत टाकून द्या. ज्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नांवाच्या संघाचे धर्मगुरु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या या मराठवाड्यांत आले व ज्यांच्या नांवाचें मुख्य मंदिर आपल्या धर्मप्रांतांत संभाजीनगरास आहे, त्या संतांनीं काय केलें? १५९४ सालीं ते शाब्ले प्रांतांत गेले तेव्हां त्यांचें प्रवचन ऐकावयास कोणी येईना. रिकाम्या बांकांना किती दिवस उपदेश करणार? त्यांनीं लहान लहान कागद लिहिले आणि लोकांच्या दारांच्या फटींतून आंत सरकविले. ते सुटे कागद एकत्र होऊन पुस्तकरूपानें निघाले तें १६७२ सालीं, म्हणजे ते जाऊन पन्नास वर्षें झाल्यावर. त्यांचें सर्वांत लोकप्रिय पुस्तकहि मुळांत एका बाईस लिहिलेल्या पत्रांतून वाढलें. १९२३ सालीं अकरावे पायस पोप महाराज यांनीं त्यांना लेखकांचे आश्रयदाते संत ठरविलें तें अगदीं यथायोग्य झालें. दाराची फट ही देखील प्रकाशनाची जागा आहे. आपल्या देवळाचा फलक, शाळेचें हस्तलिखित, नाताळचा अंक, भजनी मंडळाची वही, या आपल्या फटी होत.

आणि पुण्या-मुंबईचा दरवाजाहि आपणांस बंद आहे असें नव्हे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे आपल्यासारख्याच एका धर्मग्रामांतून आलेले. "सुवार्ता" मासिकाचें संपादन त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. "सुबोध बायबल" सिद्ध करण्यांत किती वर्षें घातलीं तें त्यांचें त्यांना ठाऊक. तें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. २०२० च्या जानेवारींत आपल्याच मराठवाड्यांत, उस्मानाबादेस, ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं बसले. त्यांच्या निवडीला विरोध करणारेहि निघाले. ते शांत राहिले. २०२४ च्या जुलैंत ते देवाघरीं गेले. एका मासिकाच्या टेबलावर लोकांचें लिखाण तपासीत ज्यानें उमेद घालविली त्यालाच तो मान मिळाला, हें मला विशेष वाटतें.

आतां त्या भगिनीच्या प्रश्नाकडे. ज्याचें कोणी छापीत नाहीं त्यानें लिहावें कशाला? बाई, तुझ्या कविता उद्यां छापल्या जातील असें वचन मी देऊं शकत नाहीं. देणारा खोटें बोलेल. त्या चांगल्या आहेत कीं नाहींत याबद्दल माझें मत मीं तुला खासगी सांगितलें आहे, आणि दोन कवितांबद्दल तें मत फार चांगलें आहे. परंतु चुलीबद्दल मात्र माझें म्हणणें ठाम आहे. तुकोबांच्या वह्या डोहांत गेल्या असें सांगतात. त्या दुसऱ्यांनीं घालावयास लाविल्या. ज्याचे वैरी आहेत त्यानें वह्या बुडविण्याचें काम वैऱ्यांवर सोंपवावें, स्वतः करूं नये! तुझ्या दुसऱ्या वहींत तुझ्या आजीनें जात्यावर म्हटलेल्या ओव्या उतरलेल्या आहेत. ती आजी आतां नाहीं. तिला लिहितां येत नव्हतें. त्या ओव्यांची जगांत एकच प्रत आहे आणि ती तुझ्या उशाखालीं आहे. तुझ्या स्वतःच्या कवितांचा निवाडा काय व्हावयाचा तो होवो. त्या ओव्यांपुरती तूं लेखक नसून गांठोडें नेणारी आहेस.

आपल्या पूर्वजांपैकीं पहिल्या पिढींतील बहुतेकांना सही करतां येत नव्हती. ते अंगठा उठवीत. त्यांनीं धर्म शिकला तो गाण्यांतून, मुखोद्गत करून. तीं गाणीं गाणारे आज आपल्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि या जुबिलीच्या गडबडींत मंडपाचा, जेवणाचा, बँडबाजाचा हिशेब झाला, पण त्या गाण्यांचा कोणीं केला नाहीं. या स्मरणिकेंत तीं यावींत अशी माझी इच्छा होती. वेळ थोडा पडला. म्हणून असें ठरविलें आहे कीं येत्या रविवारीं दुसरी मिस्सा आटोपल्यावर लिहिणाऱ्या सर्वांनीं धर्मगुरूंच्या निवासांत यावें. आपापल्या वह्या बरोबर आणाव्या. आखीव कागद, पेनें व एक कपाट यांची सोय केली आहे. कपाटाची एक किल्ली माझ्याकडे व एक वाचनालय पाहणाऱ्या मुलींकडे राहील. प्रत्येकानें एका वृद्धाच्या किंवा वृद्धेच्या घरीं बसून जें ऐकूं येईल तें उतरून घ्यावें, आणि प्रत्येक पानाच्या दोन प्रती कराव्या. फोनवर आवाज भरून घेतां आला तर तोहि घ्यावा, पण कागद टाळूं नये. समासाची जागा सोडून लिहा. अक्षर फार बारीक नको. ज्यांचीं लिखाणें परत आलीं आहेत त्यांनीं तीं परतीच्या लिफाफ्यासकट आणावींत. आपण तीं एकत्र बसून वाचूं, आणि पुढचे पत्ते काढूं.